साडूभाऊंचा विलायती जोडा

साडूभाऊ, परवा तुमचं तेरावं झालं. त्यात तुमच्या विलायती जोड्याची चारचौघांत जी शोभा झाली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. दुसरं कोणी सांगणारही नाही. त्या गर्दीत जोड्यातलं काही कळणारा मी एकटाच होतो, आणि तुम्ही गेल्यापासून कुंडल ते इस्लामपूर या सगळ्या पट्ट्यात एकटाच उरलोय.

आधी मांडवाचं सांगतो. दारात तुमचा मोठा फ्लेक्स लावला होता. फोटो काळ्या सुटातला, पुतण्याच्या लग्नातला. आणि तो कापला कुठं, तर कमरेला! ज्या माणसानं म्हातारपण गुडघ्याखालच्या भागासाठी खर्ची घातलं, त्याला कमरेत कापून दारात टांगला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि तिच्याखाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो. ते तुमच्यापेक्षा हसरे. कारखान्याचे एक संचालक उशिरानं आले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आबा मितभाषी होते." मितभाषी! टाचेच्या एका शिवणीवर दुपारभर बोलणारा माणूस मितभाषी? मी उठून काहीतरी बोलणारच होतो, पण बायकांच्या घोळक्यातून आमच्या कुसुमनं डोळे वटारले, म्हणून बसलो.

हे लिहिलेलं तिसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्याला काही कळायचं नाही, म्हणून सांगून ठेवतो. आपण दोघं पलूसच्या एकाच घरचे जावई. तुम्ही थोरल्या शालनअक्कांचे, मी धाकट्या कुसुमचा. तुम्ही फौजेतून सुभेदार होऊन आलात आणि कुंडलला ऊस लावलात. मी इस्लामपुरात हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. लग्न झाल्यापासून मी तुम्हाला अहो-जाहोच करत आलो. तुम्ही वयानं मोठे, नात्यानं मोठे. तेव्हा तुम्हाला लबाड, हेकट आणि एक नंबरचे नाटकी म्हणायचं झालं तरी ते आदरानंच म्हणावं लागणार.

तर दान. तेराव्याला मेलेल्या माणसाच्या नावानं छत्री, तांब्या, पायताण देतात, म्हणजे पुढची वाट सोपी होते म्हणे. छत्री आणली होती, तांब्या होता, पायताण आणायला विसरले. तुमचा पोरगा विक्रम, लंडनहून आलेला, आत गेला आणि तुमचा जोडा घेऊन बाहेर आला. तो काळा, टोकाला टोपी असलेला, नाडीचा, विलायती जोडा! आकार टिकावा म्हणून आत घातलेल्या लाकडी साच्यासकट त्यानं तो पाटाशेजारी ठेवला. भटजींनी जोड्यातला एक उचलला, आत बघितलं, खाली बघितलं आणि परत ठेवला. "नाडीचा आहे हो," म्हणाले. "नाडी बांधत कोण बसणार? दिवसातनं वीस दारांत काढ-घाल. पट्ट्याची सँडल असली तर बघा."

साडूभाऊ, तिथं मी तुमच्या बाजूनं होतो, हसलो नाही, एवढं लक्षात ठेवा. तुमची कंपनी भिकार आहे हे मी आजन्म म्हणत आलो, पण ते म्हणायचा हक्क माझा. शेवटी कोणीतरी स्टँडवरून रबरी स्लीपर आणली आणि तुमची पुढची वाट त्या स्लीपरवर सुरू झाली. फौजी माणूस, परेडचा माणूस, आणि स्वर्गाच्या दारात फटक फटक करत चाललाय. कोण तुम्हाला आत घेणार?

विक्रमच्या पायात काय होतं माहीत आहे? जाळीच्या कापडाचे, खाली पांढरा फुगीर रबर असलेले बूट. पीठ जरा जास्त आंबल्यावर भांड्याबाहेर येतं ना, तसले. मी विचारलं, "अरे, तू त्या देशात राहतोस, तुझ्या पायात हे?" तर म्हणतो, "काका, तिकडं आता ते जोडे कुणी घालत न्हाई. हापिसातबी समदे असलेच घालत्यात. ते म्हंजे लगीन न्हाईतर मयत." मी म्हटलं, "मग ही मयतच आहे की." त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण थोडंच. त्या साहेब लोकांनी दीडशे वर्षं आपल्याला बुटाच्या टोकावर नाचवलं, आणि आता स्वतः कणकेचे गोळे घालून हिंडतात. असल्या लोकांच्या जोड्यावरून आपण दोघं आयुष्यभर भांडलो.

भांडण सुरू कसं झालं ते तुम्हाला आठवत असेल. विक्रमनं तुम्हाला जोडा पाठवला, आणि त्याच साली, दिवाळीच्या आसपास, माझ्या जावयानं मला पाठवला. दोन्ही इंग्लंडातल्या एकाच गावचे. त्या गावात म्हणे पिढ्यान्पिढ्या जोडेच करतात. दोन्ही काळे, दोन्हींच्या टोकाला आडवी शिवण, दोन्ही एकाच नंबरचे. फक्त कंपन्या वेगळ्या. आत टाचेखाली कातड्याची पातळ पट्टी, आणि तिच्यावर सोनेरी अक्षरात कंपनीचं नाव. तुमच्या कंपनीचं नाव मी तोंडानं घेणार नाही अशी शपथ घेतली होती, ती इथंही पाळतोय. माझ्या कंपनीचंही घेत नाही, कारण तुम्ही ते ऐकून नाक मुरडायचात आणि मेल्यावर तरी तुमचं नाक सरळ राहावं.

त्या दिवाळीला तुमच्या ओट्यावर आपण दोन्ही जोडे शेजारी शेजारी मांडले होते. अक्का चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पूजा कराय बसलाय व्हय?" आपण दोघंही हसलो नाही, कारण आपण खरोखरच पूजेलाच बसलो होतो.

"मास्तर," तुम्ही म्हणालात, "हितं बगा. तुमच्या जोड्याच्या तळाची शिवन उघडी हाय. माझ्यात बगा, शिवन दिसती का? कातडं चिरून आत घातलीय आन वरनं कातडं बसवलंय. ह्याला म्हंत्यात काम."

"चोराला तोंड लपवावं लागतं," मी म्हटलं. "माझी शिवण उजळ माथ्यानं बाहेर आहे. आणि टाके मोजा. माझे दाट आहेत."

"दाट टाकं म्हंजे कातडं फाटाय सोपं. पोस्टाच्या तिकिटावानी."

"आणि तुमच्या जोड्याची कंबर बघा. मधे एवढी आवळलीय की नाचणारीचा वाटतो. सुभेदाराला शोभतं का?"

कंबर म्हणजे टाच आणि पुढचा तळ यांच्या मधला भाग, तोही तुम्हीच मला शिकवला होता. फौजेत अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये होतात तेव्हा साहेबांचे जोडे बघून बघून शिकला होतात. तुमच्याकडून शिकलेलं ज्ञान मी तुमच्यावरच वापरलं. तुम्हाला राग आला, पण तुम्ही मिशीत हसलात. चांगला वैरी मिळाल्यावर माणूस जसा हसतो तसे.

आपण एकत्र झालो ते एकाच गोष्टीवर. अक्कांनी विचारलं, "कसलं कातडं म्हनायचं ह्ये? लय मऊ हाय." दोन्ही जोडे वासराच्या कातड्याचे. मागं गोठ्यात तुमची खिलार गाय व्यालेली, तिचं कोकरासारखं वासरू अक्कांच्या मांडीवर डोकं घासायचं. तुम्ही माझ्याकडं बघितलं, मी तुमच्याकडं. मी इंग्रजीचा मास्तर म्हणून माझ्यावर विश्वास जास्त. मी म्हटलं, "अक्का, हे कातडं नाहीच. कारखान्यात बनवतात, झाडाच्या चिकापासून." तुम्ही मान डोलावलीत. अक्कांना हे आजही माहीत नाही, आणि या लेखानंतर कळलं तर पापात अर्धी वाटणी तुमची.

आपल्या भागात असल्या जोड्याचं नशीब काय असतं? घालायचा, गाडीतनं उतरायचं, चार पावलं चालायचं आणि दारात काढायचा. घरात जोडा नाही, देवळात नाही, मांडवात पंगतीला नाही. ज्या जोड्यासाठी कोणा साहेबानं म्हणे आठवडेच्या आठवडे हात चालवला, तो चपलांच्या ढिगात, कोणाच्या शेणाच्या वहाणेखाली पालथा पडलेला. म्हणून मंगल कार्यालयात आपण दोघं कधी निवांत जेवलो नाही. एक जेवायचा, दुसरा दारात राखण बसायचा. लोकांना वाटायचं, साडू-साडूंचं पटत नाही, एका पंगतीला बसत नाहीत. पटत नव्हतंच म्हणा. पण राखण चोख करायचो.

पोरं येत नव्हती, जोडे येत होते. हे मी एकदा तुम्हाला बोललो, तर तुम्ही नाडी सोडत बसलात आणि काही बोलला नाहीत. तो संचालक त्या दिवशी असता तर मितभाषी म्हणाला असता ते चाललं असतं.

दरवर्षी दिवाळीआधी तुम्ही माझा जोडा पॉलिशला न्यायचात. "द्या हिकडं. तुमाला पालीश येत न्हाई. तुमी जोड्याला लोनी लावल्यावानी लावता." फौजी पॉलिश ते. आधी मेण, मग जुन्या बनियनचा तुकडा, मग पाण्याचा थेंब, मग बोट गोल गोल, तासन् तास. परत यायचा तेव्हा टोकात माझा चेहरा दिसायचा. मी चेहराच बघायचो. जोडा बघायचं राहून जायचं.

आणि मग तुमचं ते एक वाक्य, जे तुम्ही दर लग्नात, दर बारशाला, एकदा तर तहसील कचेरीच्या व्हरांड्यात चार माणसांत म्हणालात: "मास्तर, तुमी नावाला भुलताय. नाव झाकलं तर तुमाला आपला जोडा वळखाय येनार न्हाई."

"डोळे बांधा," मी म्हणायचो. "पायात घाला. एका पावलात सांगतो माझा कुठला."

"बगू कवातरी."

"कवातरी नको, आत्ता बघू."

"बगू की. घाई काय हाय?"

ही परीक्षा राहून गेली, असं मी तुम्ही गेलेल्या दिवसापासून समजत होतो. विक्रमच्या चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होतो. झोपेतच गेलात म्हणाला. कुसुम रडायला लागली आणि माझ्या डोक्यात आलेली पहिली गोष्ट ही, की मेला लबाड, परीक्षा न देताच निघून गेला. लाज वाटावी असा विचार आहे, पण तोच आला. एस.टी.त खिडकीला डोकं टेकून मी तासगाव येईपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होतो. तासगाव कुंडलच्या पुढं आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. परत मागं यावं लागलं.

तुम्हाला अंघोळ घालताना पायावर पाणी मी ओतलं. साडू म्हणून मान मला दिला. तुमच्या दोन्ही टाचांवर मागच्या बाजूला घट्टे होते, जाड, पिवळे, एकाच्या कडेला जुनं फुटून वाळलेलं. मला नवल वाटलं. एवढा जोड्याचा दर्दी माणूस, आणि टाच अशी? म्हटलं, फौजेतले असतील. तुमचे अनवाणी पाय मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले. एवढी वर्षं मी तुमचे जोडेच बघत होतो.

आता परत तेराव्यावर येतो. जेवणं उठली, मांडववाले दोऱ्या सोडायला लागले. पाटाशेजारी तुमचा जोडा तसाच. अक्का आल्या, जोडा उचलून पदरानं पुसला आणि माझ्यापुढं ठेवला.

"भावजी, ह्यो तुमी न्या."

"अक्का, मी या कंपनीच्या जोड्यात पाय घालणार नाही. शपथ आहे माझी."

"तुमची शपत ऱ्हाऊ द्या. त्येंनीच सांगितलंया. दोन-तीनदा म्हनालं, माझ्या माघारी जोडा मास्तरांस्नी द्या. एकदा पायात घालून, चार पावलं चालून बगू द्या. मंग पायजे तर हिरीत टाकू द्या, म्हनालं."

तुमचे भावकीतले एक म्हातारे पुढं झाले. "आगं, मेल्याल्या मान्साचं पायतान घालू ने."

"मंग तुमी नगा घालू," अक्का म्हणाल्या. "तुमास्नी न्हाई दिलं."

मी ओट्यावर बसलो, आपण नेहमी बसायचो तिथं. लाकडी साचा काढला. आत टाचेच्या भिंतीला कापसाचे बोळे दाबून बसवलेले. बघा, म्हटलं, ही यांची थोर कंपनी! कापूस कोंबल्याशिवाय टाच धरत नाही! तुम्ही चालताना मागं जोडा पच पच करायचा ते मी कितीतरी वर्षं ऐकलं होतं आणि दर वेळी टोमणा मारला होता, की साडूभाऊ, तुमचा जोडा तुमच्यामागून येतोय, थांबा त्याच्यासाठी. मी बोळे काढून टाकले आणि पाय घातला.

साडूभाऊ, पाय गेला. पाणी घागरीत जातं तसा गेला.

नाडी बांधली. दारापासून रस्त्यापर्यंत गेलो, रस्त्यानं उसाच्या फडाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. कुठं दाबत नाही, कुठं घासत नाही. टाच धरलेली. करंगळी मोकळी. आणि माझ्या स्वतःच्या जोड्यात करंगळी गेली कितीतरी वर्षं आखडत होती. मी तुम्हाला सांगितलंही होतं, की तुमच्या पॉलिशनं माझं कातडं आटलं. तुम्ही म्हणालात, "वय झालं मास्तर, पाय पसरत्यात." मी ते खरं मानलं आणि करंगळीला चिकटपट्टी लावून लग्नं केली.

फडाच्या कोपऱ्यावर उभा राहून मला रडू आलं. तुम्ही गेलात म्हणून आलं, आणि तुम्ही बरोबर होता म्हणून आलं. दोन्हीतलं कशानं जास्त आलं ते सांगता येत नाही. मी परत आलो आणि ओट्यावर उभा राहून, विक्रम, भावकी, मांडववाले, सगळ्यांसमोर म्हटलं, "अक्का, जिंकले साडूभाऊ. त्यांचीच कंपनी चांगली. माझी भिकार." असलं वाक्य मी जन्मात बोललो नव्हतो. अक्का खांबाला धरून रडल्या. विक्रम म्हणाला, "काका, दोन्ही सारखेच की." कणकेचे गोळे घालणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

काल घरी तो जोडा साफ करायला घेतला. आत टाचेखालची सोनेरी नावाची पट्टी एका कोपऱ्यात उचललेली होती. म्हटलं, गोंद लावून बसवावी. ती थोडी वर केली, तर खाली निळ्या शाईत अक्षरं. माझं अक्षर. 'स. रा. इस्लामपूर'.

आमच्याकडं कुसुमला प्रत्येक भांड्यावर नाव घालायची सवय. तांब्या, पेला, चमचासुद्धा सुटत नाही. जोडा आला तेव्हा ती म्हणाली, कार्यालयात जाणार, बदलला तर? बाहेर नाव घालणं म्हणजे विलायती जोड्याचा अपमान, म्हणून मी पट्टी उचकटून खाली बॉलपेननं नाव लिहिलं आणि पट्टी परत चिकटवली होती. हे मी साफ विसरून गेलो होतो.

मग धावत जाऊन माझा जोडा आणला. माझ्या कंपनीचं सोनेरी नाव असलेला, करंगळी चावणारा, ज्याचं कौतुक मी गावोगाव करत हिंडलो तो. त्याची पट्टी सुरीनं उचकटली. खाली काळ्या रंगात तुमच्या फौजी नंबरचे शेवटचे आकडे. फौजेत प्रत्येक वस्तूवर नंबर घालतात, तुम्हीच सांगितलं होतं.

म्हणजे तुम्ही परीक्षा घेतली होती. कुठल्यातरी दिवाळीच्या पॉलिशमध्ये तुम्ही जोडे बदललेत, आणि नुसते बदलले नाहीत, वरच्या पट्ट्याही सोडवून अदलाबदल करून चिकटवल्यात. माझ्या कंपनीचं नाव घालून तुमचा जोडा माझ्या पायात दिलात आणि बसलात वाट बघत, की मास्तर कधी ओळखतो. मास्तर कसला ओळखतोय! जोडा एकदा उलटा केला असता तरी लपलेली शिवण आणि आवळलेली कंबर दिसली असती, पण मास्तर वरचं नाव वाचूनच खूश. मास्तर त्याच जोड्यातला पाय पुढं करून लोकांना सांगतोय, बघा, जुना होईल तसं कातडं कसं खुलतंय, याला म्हणतात कंपनी. आणि तुम्ही शेजारी, मिशीत. आणि तुमच्या पायात माझा जोडा, पच पच करणारा, कापूस कोंबलेला, आणि त्या टाचेवरून मी तुम्हालाच टोमणे मारतोय.

किती नीच माणूस असाल तुम्ही. एका शब्दानं सांगायचं होतं. 'मास्तर, हरला' एवढंच म्हणायचं होतं. मी चार दिवस तोंड फिरवलं असतं, आठव्या दिवशी आलो असतो. की नसतो आलो? तुम्हाला तीच भीती वाटली का? की एकदा निकाल लागला की मास्तर कुंडलला कशाला येणार, ओट्यावर बसून आपण दोघं दुसरं काय बोलणार, पोरांची वाट बघतोय एवढंच ना? हे मी आता तुम्हाला विचारतोय आणि तुम्ही नेहमीसारखे, घाई काय आहे, म्हणताय.

आणि निकाल तरी काय? मी माझा जोडा ओळखला नाही, म्हणजे तुम्ही जिंकलात. पण परवा कुठल्याही नावाच्या नादी न लागता माझ्या पायानं निवडला तो माझाच जोडा, म्हणजे मी जिंकलो. आणि सगळ्या भावकीसमोर मी मान्य काय केलं, तर माझी कंपनी भिकार! हे आता परत घ्यायचं तर अक्कांना सगळं सांगावं लागेल, मग पट्ट्या आल्या, मग कातडं आलं, मग वासरू आलं. मी सांगणार नाही. पट्ट्या होत्या तशाच, चुकीच्या नावांनी, गोंद लावून बसवून टाकल्या.

पण त्या टाचा माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत, साडूभाऊ. पाणी मी ओतलं होतं त्यांच्यावर. ते घट्टे फौजेतले नव्हते. माझ्या जोड्याचे होते. दर लग्नाला, दर मुंजीला, न लागणारा जोडा घालून, टाच सोलून घेत, तुम्ही माझ्या शेजारी चाललात. कापूस बदललात, जोडा बदलला नाहीत. जोडा परत मागितलात तर सांगावं लागलं असतं. असलं प्रेम कोणी करतं का? आणि केलं तर माणसाला कळू तरी द्यावं. मला तुमचा इतका राग आलाय की तुम्ही आत्ता दारात उभे राहिलात तर मी तुम्हाला मिठी मारीन आणि मग हाकलून देईन.

येत्या रविवारी पलूसला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचं लग्न आहे. दारात राखण बसायला कोणी नाही, तेव्हा चोरीला गेला तर गेला. कुसुम म्हणाली, अक्कांनी दिलेला घाला की, तो तुम्हाला छान बसतो म्हणालात ना. तो कपाटात ठेवलाय. मी दुसरा घालणार आहे, माझ्या कंपनीचं नाव असलेला तुमचा, करंगळी चावणारा. चावू दे. कोणी विचारलं, मास्तर, लंगडता का, तर सांगणार आहे, साडूभाऊंचा जोडा आहे, कंपनी भिकार. आणि हे मी आता ऐकीव सांगत नाही. इतकी वर्षं पायात घालून सांगतोय.